शाल, श्रीफळ आणि त्यानंतर

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १४ डिसेंबर १९९० रोजी ठराव करून १ ऑक्टोबर हा दिवस वृद्धांसाठी नेमून दिला. तेव्हापासून दरवर्षी या दिवशी आपल्या शहरांतील सभागृहे भरतात, वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेल्या मंडळींना व्यासपीठावर बसविले जाते, त्यांच्या खांद्यांवर शाल पांघरली जाते, हाती श्रीफळ दिले जाते आणि त्यांचे आशीर्वाद मागितले जातात. या उपचारात वावगे असे काहीच नाही. वडीलधाऱ्यांपुढे वाकण्याची ज्या समाजाला लाज वाटू लागते, त्याची चिंताच करावी लागेल. तथापि समारंभाच्या दुसऱ्या दिवशी त्याच वृद्धांचे समाजातील स्थान नेमके कोणते असते, हा प्रश्न या व्यासपीठांवरून सहसा विचारला जात नाही. आणि आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

सत्काराची भाषणे लक्षपूर्वक ऐकली तर त्यांतील बहुतेक क्रियापदे भूतकाळी असल्याचे ध्यानात येते. यांनी अमुक केले, त्यांनी तमुक घडविले, आता त्यांनी विश्रांती घ्यावी, असा एकूण सूर असतो. समोर बसलेल्या हयात माणसाविषयी इतक्या निःशंकपणे भूतकाळात बोलणे म्हणजे सभ्य शब्दांत त्याला निरोप देणेच होय. म्हातारपण म्हणजे कर्तृत्वाचा शेवट, ही समजूत या निरोपाच्या मुळाशी आहे. महाराष्ट्राच्या इतिहासाने ही समजूत पुनःपुन्हा खोटी ठरविलेली असताना आपण ती अजून उराशी धरून आहोत, याचे नवल वाटते.

महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. पुढे १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा त्यांचे वय ५८ वर्षांचे होते. राज्य शासनाच्या सेवेत ज्या वयाला निरोपसमारंभ करण्याचा प्रघात दीर्घकाळ रूढ झाला, नेमके तेच हे वय! कर्वे तेथेही थांबले नाहीत. ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तेथे प्राथमिक शिक्षण पोचावे म्हणून १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. आणि १९४४ साली, ८६व्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ उभा केला. १९५८ साली राष्ट्राने त्यांना भारतरत्न अर्पण केले, त्या वेळी त्यांनी शंभरी गाठली होती. त्यांच्या चरित्रातून साठाव्या वर्षानंतरचे भाग वगळले, तर एक फार मोठा माणूस आपल्या हातून निसटेल.

हे उदाहरण एकटे नाही. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली प्रसिद्ध झाला आणि अखेरचा भाग १९६२ साली, त्यांच्या ८२व्या वर्षी. ताराबाई मोडक १९५७ साली, पासष्टीच्या घरात, कोसबाडच्या टेकडीवर बिऱ्हाड हलवून आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी जाऊन राहिल्या. उत्तरायुष्य म्हणजे उरलेले आयुष्य नव्हे, हे या मंडळींनी प्रवचने न करता दाखवून दिले.

कोणी म्हणेल, ही असामान्य माणसे. त्यांचा दाखला सामान्यांना कशाला? आमचे उत्तर असे की, सामान्य वृद्धांचे कार्य याहून विस्तृत आहे, फक्त ते नोंदले जात नाही. आपल्या शहरांत कितीतरी सार्वजनिक वाचनालये निवृत्तांच्या विनावेतन श्रमावर चालतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब रात्री उशिरापर्यंत जुळवीत बसणारा चिटणीस बहुधा निवृत्त कारकून वा शिक्षक असतो. पतिपत्नी दोघेही सकाळी कामावर जातात त्या घरातील मुलाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणारी, दुपारी त्याला जेवू घालणारी आजी नसती, तर या शहरांतील कचेऱ्यांची निम्मी टेबले रिकामी पडली असती, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. केंद्र सरकारने २०१९ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत, बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे व पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ त्या कामात जातो असे दिसून आले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या श्रमाला स्थान नाही. ज्या आजीच्या आधारावर घराचा संसार चालतो, तिची गणना अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘अवलंबित’ म्हणून व्हावी, हा विपर्यास नव्हे काय?

आता शासनाकडे वळू. २०११ सालच्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती, आणि त्यांपैकी एक कोटीहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होती. वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी दरमहा ७५ रुपयांनी सुरू झाली. पुढे केंद्राचा वाटा २०० रुपयांवर आला, आणि २०११ साली ऐंशी वर्षांवरील वृद्धांसाठी तो ५०० रुपये झाला. महाराष्ट्राने श्रावणबाळ योजनेखालील रक्कम जुलै २०२३ मध्ये १५०० रुपये केली. हे पाऊल स्वागतार्ह असले, तरी त्यातून दिवसाला पन्नास रुपये पदरात पडतात, हेही विसरता येत नाही. औषधाच्या दुकानात पन्नास रुपयांना काय मिळते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. रेल्वेने मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात वृद्धांची प्रवाससवलत बंद केली. साथ ओसरली, गाड्या पूर्ववत धावू लागल्या, सवलत मात्र त्या गाड्यांबरोबर परतली नाही. उलटपक्षी, राज्य परिवहन मंडळाच्या गाड्यांतून ७५ वर्षांवरील प्रवाशांना विनामूल्य प्रवासाची सोय ऑगस्ट २०२२ मध्ये झाली. गावच्या नातेवाइकांना भेटणे, शहरातील इस्पितळ गाठणे त्यामुळे अनेकांना शक्य झाले. सन्मान तिजोरीतून कसा व्यक्त होतो, याचे हे उदाहरण होय.

आईबापांच्या निर्वाहासाठी २००७ साली संसदेने कायदा केला, हेही योग्यच झाले. परंतु कायदा पोटाची हमी देऊ शकतो. माणसाला आपली गरज आहे ही जाणीव देऊ शकत नाही. ती समाजानेच द्यावयाची असते.

यासंबंधी वृद्धांचेही एक कर्तव्य आहे, ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. काम करीत राहणे निराळे आणि खुर्ची अडवून बसणे निराळे. वीस-वीस वर्षे तेच अध्यक्ष व तेच कार्यवाह असलेल्या संस्था आपल्याकडे थोड्या नाहीत. तेथे तरुण फिरकत नाहीत आणि मग तरुणांना आस्था नाही, अशी तक्रार तेवढी ऐकू येते. कर्व्यांची रीत याच्या उलट होती. एक संस्था पायावर उभी राहिली की ती सहकाऱ्यांच्या हाती सोपवावयाची आणि स्वतः नव्या, अवघड कामामागे लागावयाचे, असा त्यांचा क्रम होता. वडीलकीचा अधिकार अशा सोडून देण्यानेच वाढतो.

मग करावे काय? नगरपालिकांनी आरंभ आपल्या रस्त्यांपासून करावा. ज्या पदपथावरून सत्तरीचा माणूस काठी टेकीत निर्धास्तपणे चालू शकत नाही, त्या शहराला सत्कारसमारंभ भरविण्याचा अधिकार नाही. वॉर्डातील कामे ठरविताना ज्येष्ठ नागरिक संघांचे म्हणणे आधी ऐकावे. कोणत्या गल्लीत पावसाळ्यात पाणी तुंबते आणि ते का, हे चाळीस वर्षे तेथे राहिलेल्या माणसाइतके कोणाला ठाऊक असणार? वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी नगरपालिकेच्या शाळांनी निवृत्त शिक्षकांना रोज तासभर बोलवावे. आणि घरोघरी, आजीला कामे सांगण्यापूर्वी तिला सवड आहे काय, असे एकदा विचारावे. या शेवटच्या सुधारणेला कोणताही ठराव वा अनुदान लागत नाही.

शाल अवश्य द्यावी. परंतु ती पांघरल्यावर माणसाला घरी पाठवून न देता, उद्या किती वाजता येता, असे त्याला विचारावे. ज्या दिवशी आपल्या शहरांत हा प्रश्न सहजपणे विचारला जाईल, त्या दिवशी वृद्धांसाठी निराळा दिवस पाळण्याची गरज उरणार नाही.