जिंकलो ना, मग गप्प बसायचं?

8 डिसेंबर 2024. अमेरिकन फुटबॉलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्स संघाने आपल्याच मैदानावर कॅरोलिना पँथर्सला 22-16 असं हरवलं. सलग नववा विजय. हंगामात 11 सामने जिंकलेले, 2 हरलेले. त्याच दिवशी सॅक्वॉन बार्कलीने एका हंगामात बॉल घेऊन सर्वाधिक यार्ड धावण्याचा संघाचा जुना विक्रमही मोडला. सामन्यानंतर ए. जे. ब्राऊन या खेळाडूला विचारण्यात आलं, आक्रमणात सुधारणा कशात हवी? त्याने एकच शब्द उच्चारला: ‘पासिंग’.

झालं. त्या एका शब्दावरून शहर दोन तटांत विभागलं. एक तट म्हणत होता, ब्राऊन खरं बोलला, डावांची निवड चुकतेय. दुसऱ्या तटाचं उत्तर ठरलेलं होतं: नऊ सामने सलग जिंकलोय, आता तरी तोंड बंद ठेवा. याच दुसऱ्या तटाशी माझं भांडण आहे. ते फक्त फिलाडेल्फियात राहत नाहीत.

आधी खेळ थोडा समजून घेऊ. नावात ‘फूट’ असलं तरी हा पायांचा खेळ नाही. बॉल हातात असतो. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. प्रत्येक संधीनंतर खेळ थांबतो, सगळे पुन्हा रांगेत उभे राहतात. पुढचा डाव कोणता, धावायचं की फेकायचं, उजवीकडून की मधून, हे मैदानाबाहेरून ठरतं. ईगल्समध्ये तेव्हा हे काम केलन मूर करत होते. ते ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाची जबाबदारी असलेले प्रशिक्षक. डाव क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या छोट्या स्पीकरवर सांगितला जातो आणि घड्याळात 15 सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. एका संघाच्या वाट्याला सामन्यात असे साठेक डाव येतात. म्हणजे साठ निर्णय. प्रत्येक निर्णय वेगळा, प्रत्येकाचा परिणाम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. क्रिकेटमध्ये कर्णधाराने स्लिप का काढली यावर आपण जशी रात्र घालवतो, तशी इथे साठ वेळा सोय आहे. म्हणून या खेळाचा चाहता डावांवर बोलणारच. तो आगाऊ असतो म्हणून नव्हे, खेळाची रचनाच तशी आहे म्हणून.

आता त्या विजयाकडे बघू. ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सने अख्ख्या सामन्यात फेकून मिळवले 108 यार्ड. समोरचा संघ कोण? आधीच्या बारापैकी तीनच सामने जिंकलेला. आणि तरी सामना शेवटच्या मिनिटापर्यंत लटकलेला. त्या मिनिटात कॅरोलिनाच्या झेव्हियर लेगेटच्या हातात आलेला लांबचा बॉल निसटला. तो बॉल हातात बसला असता तर कॅरोलिनाला आघाडी घेता आली असती, आणि आज ‘गप्प बसा’ म्हणणारेच केलन मूर यांना हाकला म्हणून ओरडत असते. साठ डाव तेच, योजना तीच, माणसं तीच. बदललं असतं काय? समोरच्या संघातल्या एका तरुणाच्या बोटांची पकड. ज्याच्या मताचा आधार दुसऱ्याच्या बोटांत आहे, त्याने टीकाकारांना समज शिकवू नये.

उलटं उदाहरणही आहे. 1 फेब्रुवारी 2015 च्या सुपर बोलमध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्स गोलरेषेपासून एका यार्डावर होते. त्यांच्याकडे मार्शॉन लिंचसारखा धावणारा गडी होता, पण प्रशिक्षकांनी पास सांगितला. न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने तो मध्येच पकडला आणि सामना 28-24 असा गेला. जगाने त्या निर्णयाला मूर्खपणा ठरवलं. घड्याळ आणि उरलेल्या संधींचा हिशेब मांडून त्या डावाची बाजू घेणारे जाणकारही होते, पण त्यांचं कोण ऐकतो? हरलेल्या दिवशी सगळेच डाव चुकीचे दिसतात, जिंकलेल्या दिवशी सगळेच बरोबर. हे विश्लेषण नाही. ही धावफलकाची चाकरी झाली.

दुसऱ्या तटाच्या बाजूने एक चांगला मुद्दा आहे, तो टाळणार नाही. बार्कली त्या वर्षी धावत होताच असा, की फेकायची गरज काय? पुढे नियमित हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर 2,005 यार्ड होते. दोन हजारांचा टप्पा त्याआधी फक्त आठ जणांनी गाठला होता. धावण्यात धोका कमी, घड्याळ आपल्या ताब्यात राहतं, आणि ईगल्सचा बचाव भक्कम होता. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची? मूर यांच्या जागी मीही बहुधा बॉल बार्कलीच्याच हातात दिला असता, कॅरोलिनाविरुद्ध.

पण कॅरोलिनाला हरवणं हे ध्येय नव्हतं. ध्येय फेब्रुवारीतलं होतं. तगडा संघ समोर येईल, आठ माणसं बार्कलीच्या वाटेवर उभी करेल, तेव्हा काय? हा प्रश्न डिसेंबरमध्येच विचारावा लागतो.

पुढच्याच रविवारी, 15 डिसेंबरला, ईगल्सने पिट्सबर्ग स्टीलर्सला 27-13 हरवलं. हर्ट्सचे पासिंगचे यार्ड 290. ब्राऊनला 110, डेव्होंटा स्मिथला 109. आणि 9 फेब्रुवारी 2025 ला न्यू ऑर्लिन्समधल्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने नेमकं तेच केलं ज्याची भीती होती. बार्कलीची वाट रोखून धरली. 25 वेळा बॉल घेऊन त्याला मिळाले फक्त 57 यार्ड. हर्ट्सने 22 पैकी 17 पास पोचवले, 221 यार्ड, दोन टचडाउन. त्यातला एक ब्राऊनला, दुसरा स्मिथला 46 यार्डांचा. ईगल्स 40-22 ने जिंकले आणि हर्ट्स सामनावीर ठरला. त्या विजयात बचावाचा वाटा मोठा होता हे खरंच. आणि ब्राऊनच्या एका शब्दामुळे सुपर बोल आला, असंही मी म्हणत नाही. डिसेंबरात जे चुकीच्या वेळी बोललं असं ठरवलं गेलं, ते फेब्रुवारीत उपयोगाला आलं, एवढंच म्हणतो.

ब्राऊनवर दुसरा आरोप होता तो हेतूचा. त्याला बॉल मिळाला नाही म्हणून तो कुरकुरतोय. ब्रँडन ग्रॅहम या त्यांच्याच ज्येष्ठ सहकाऱ्याने रेडिओवर ब्राऊन आणि हर्ट्स यांच्यात बिनसल्याचं सूचित केलं आणि मग ते शब्द मागे घेतले. समजा, ब्राऊन स्वार्थापोटीच बोलला. त्याने 108 चे 208 होतात का? टीकाकाराची नियत तपासायला निघालेला माणूस बहुतेक वेळा टीका तपासायची टाळत असतो. ही खोड आपल्या ओळखीची आहे.

आता जे सांगतो त्यावर काहीजण नाराज होतील. खेळाची तुलना गजव्यांशी करायची माझी छाती नाही, करतही नाही. पण विजयानंतर प्रश्न विचारणं म्हणजे नाशुक्री, कृतघ्नपणा, असं म्हणणाऱ्या आपल्या भाऊबंदांनी एकदा सूरह अनफाल उघडावी. बदरचा विजय हिजरी सन 2 मधला, 313 माणसांनी सुमारे हजारांच्या फौजेवर मिळवलेला. इस्लामच्या इतिहासात त्याहून आनंदाचा दिवस कुठला? आणि त्या विजयानंतर आलेल्या सूरहची सुरुवातच होते लुटीच्या वाटपावरून झालेल्या वादापासून. पुढे कैद्यांना मुक्तिधन घेऊन सोडण्याच्या निर्णयावर कडक ताकीद आहे. विजयाचं श्रेय अल्लाहचं, हे सांगून झाल्यावर माणसांचा हिशेब थांबलेला नाही.

त्याच बदरमध्ये, लढाईच्या आधी, ह. हुबाब बिन मुन्जिर (र.) यांनी प्रेषित (स.) यांना विचारलं की तळासाठी ही जागा अल्लाहच्या आदेशाने निवडली आहे की ही युद्धाची युक्ती आहे. युक्ती आहे असं कळल्यावर त्यांनी आपलं मत मांडलं: पुढे जाऊन पाण्याजवळची जागा घ्यावी. प्रेषितांनी ते मानलं. सीरतच्या ग्रंथांत हा प्रसंग येतो. हुबाबच्या प्रश्नातली फोड बघा. वही असेल तर आम्ही ऐकतो, माणसाची योजना असेल तर बोलतो. आणि आपण मात्र कमिटीच्या ठरावालाही वहीचा दर्जा देऊन बसतो.

हुनैनला, हिजरी 8 मध्ये, बारा हजारांची फौज होती. शेवटी विजय मिळाला. पण कुरआनने आठवण करून दिली ती कशाची? संख्येवर खूश झाला होता आणि ती संख्या कामी आली नाही, याची. जिंकलेल्यांना सांगितलेली गोष्ट आहे ही. उहुदमध्ये तर पन्नास तिरंदाजांपैकी बहुतेकांनी टेकडी सोडली ती हरतोय म्हणून नव्हे, जिंकलो असं वाटलं म्हणून.

आपल्या गावोगावच्या जमातीत हा खेळ रोज चालतो. मशिदीचं बांधकाम पूर्ण होतं. मिनार उभे राहतात, रंग लागतो, उद्घाटनाला बिर्याणी होते. मग कुणीतरी बैठकीत विचारतो, सिमेंटचं काम निविदा न काढता कसं दिलं, महिलांच्या वजूखान्याचा नकाशा कुणाला दाखवला होता? उत्तर येतं: मशीद झाली ना? मग आता कशाला फाटे फोडतोस? झाली म्हणून तर विचारतोय. पडली असती तर पोलिसांनी विचारलं असतं. मुलींच्या शाळेचा दहावीचा निकाल चांगला लागला त्या वर्षी गणिताला कायमचा शिक्षक नव्हता, हे बोलायचं कधी? निकाल पडेल तेव्हा? तेव्हा मुख्याध्यापिकेचा बळी दिला जाईल आणि शिक्षक तरीही येणार नाही. जिंकलेल्या दिवशी माणसं शांत असतात, नोकऱ्या धोक्यात नसतात, चूक कबूल करायची किंमत कमी असते. हरलेल्या दिवशी चर्चा होत नाही, शिकार होते. तालमीतला वस्ताद कुस्ती मारून आलेल्या पठ्ठ्यालाच बाजूला घेऊन सांगतो, तुझा डावा पाय उघडा पडत होता.

शिकार कशी होते ते ईगल्सच्याच पुढच्या हंगामात दिसलं. सुपर बोलनंतर मूर न्यू ऑर्लिन्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले आणि डाव सांगायचं काम केव्हिन पटुलो यांच्याकडे आलं. संघ जिंकत होता, पण कसा? 10 नोव्हेंबर 2025 ला ग्रीन बेवर 10-7, पुढच्या आठवड्यात डेट्रॉइटवर 16-9. बचाव सामने ओढून आणत होता. चाहते पुन्हा बोलू लागले आणि पुन्हा तेच ऐकू लागले: जिंकतोय ना? मग हरायला सुरुवात झाली. नोव्हेंबरच्या शेवटी शिकागो बेअर्सनी 24-15 हरवलं आणि रात्री कुणीतरी पटुलो यांच्या न्यू जर्सीतल्या घरावर अंडी फेकली.

अंडी फेकणाऱ्याला चाहता म्हणायला मी तयार नाही. डावावर बोलणं वेगळं आणि माणसाच्या दारावर जाणं वेगळं. त्या घरात डाव ठरत नव्हते, तिथे कुटुंब राहत होतं. उहुदनंतर, ज्यांच्या चुकीने सत्तर माणसं शहीद झाली त्यांच्याशीही नरमाईने वागा, त्यांना माफ करा आणि त्यांचा सल्ला घेत राहा, असा आदेश सूरह आले-इमरानमध्ये आहे. बाहेर पडून लढायचं हे मश्वऱ्यानेच ठरलं होतं, आणि त्याचा शेवट वाईट झाला होता. तरी मश्वरा बंद करा असं सांगितलं गेलं नाही. नरमाई आणि सल्लामसलत, दोन्ही एकाच आयतीत आहेत. आपल्याकडे एक गट पहिली अर्धी आयत वाचून प्रश्न विचारणाऱ्याला बेअदब ठरवतो, आणि दुसरा गट दुसरी अर्धी वाचून मुतवल्लीच्या दारावर जमाव घेऊन जातो.

जानेवारी 2026 मध्ये ईगल्स घरच्या मैदानावर सॅन फ्रान्सिस्कोकडून 23-19 हरले. हंगाम संपला आणि दोन दिवसांत पटुलो यांच्याकडून ते काम काढून घेण्यात आलं. चाहते हेच आक्रमण दुरुस्त करा असं सांगत होते, तेव्हा संघ सामने जिंकत होता आणि दुरुस्तीला अजून वेळ होता.