पैसा कुणाचा, कारभार कुणाचा?

आपल्या गावचा गडी गिरणीत लागला की जेवायचा तो लालबाग-काळाचौकीच्या खाणावळीत. त्या खाणावळवाल्या बायांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायला १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. बँकेचे कर्ज घेतले, बायाच एकमेकींना जामीन राहिल्या. म्हणून मंडळ त्यांचेच राहिले.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. अशा वस्त्यांतल्या तरुणांच्या संघटनांना आज कंपन्यांची प्रतिष्ठाने आणि परदेशी संस्था पैसा देतात. घ्यावा, लाज कसली? पण कामही देणाऱ्यानेच ठरवले, तर पोरे त्याची नोकर होतात. आपल्या ऊसबिलातून टनामागे कपात झाली की वार्षिक सभेत आपण हिशेब मागतोच की! (काहीजण चहा पिऊनच उठतात, ते सोडा.) मग चाळीतल्या पोरांनी तो का मागू नये?