'सगळ्यांचे आधार व्हॉट्सअ‍ॅप करा' म्हणणाऱ्यांना

सुट्ट्या जवळ आल्या की दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. पहिला, 'यंदा कुठे जायचं?' आणि दुसरा, 'प्रवासात सावध राहा!!' पहिल्यावर आमच्या घरच्या ग्रुपवर तीन आठवडे काथ्याकूट होतो आणि शेवटी सगळे कोकणातच जातात. दुसऱ्यावर चर्चा वगैरे काही होत नाही, तो नुसताच पुढे ढकलला जातो. स्टेशनवरच्या चार्जरला फोन लावू नका, हॉटेलचं वायफाय वापरू नका, ओटीपी कोणालाही सांगू नका, ज्येष्ठ नागरिकांनी विशेष काळजी घ्यावी... हे शेवटचं वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं.

आमच्या धंद्यात एक लाडकं वाक्य आहे. म्हणे, सुरक्षेच्या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी म्हणजे वापरणारा माणूस. कॉन्फरन्समध्ये हे वाक्य टाकलं की समोरचे शंभर इंजिनियर माना डोलावतात, कारण त्या वाक्यात त्यांचा काहीच दोष नसतो. घरी आल्यावर हीच मंडळी आई-बाबांवर खेकसतात, 'तुम्हाला काही कळत नाही, कशावरही क्लिक करता!' मला हे साफ अमान्य आहे. घरातली माहिती गळते ती म्हाताऱ्यांच्या भोळेपणामुळे कमी आणि ती माहिती उगाचच मागणाऱ्या, साठवणाऱ्या आणि ती मागणारी सॉफ्टवेअरं बांधणाऱ्या शहाण्यांमुळे जास्त.

सहलीचंच घ्या. आम्ही अकरा जण, चार खोल्या. आगाऊ पैसे पाठवले आणि पुढच्या मिनिटाला समोरून मेसेज, 'सर ऑल मेंबर्स आधार फ्रंट बॅक सेंड प्लीज.' अकरा जणांत एक माझी सहा वर्षांची भाची आणि एक ८१ वर्षांची आत्या. दोघींकडून त्या खोलीवाल्याला नेमका काय धोका वाटत होता ते त्यालाच माहीत. आता बघा, त्या अकरा फोटोंत काय काय आहे. अकरा नावं, अकरा चेहरे, अकरा जन्मतारखा, तीन घरांचे पूर्ण पत्ते, अकरा आधार क्रमांक. आणि हे सगळे कोणत्या चार दिवसांत घरी नसणार, तेही त्याच चॅटमध्ये वर लिहिलेलं. एखाद्या चोराने मागितलं असतं तर त्यालाही इतकं नीट जमवता आलं नसतं.

'पण व्हॉट्सअ‍ॅप एन्क्रिप्टेड असतं ना?' असं लगेच कोणीतरी म्हणतं. असतं की! एप्रिल २०१६ पासून सगळ्या संवादांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे आणि ते उत्तम आहे. गणित चोख आहे, मधल्या वाटेत कोणी वाचू शकत नाही. पण त्या नावातच उत्तर आहे हो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुसरं टोक कोण, तर रिसेप्शनवरचा तो फोन. तो फोन हंगामापुरत्या ठेवलेल्या मुलाकडे असतो. आलेला प्रत्येक फोटो गॅलरीत आपोआप उतरतो. गॅलरीचा बॅकअप कोणाच्या तरी खाजगी ईमेल खात्यावर जातो. तेच व्हॉट्सअ‍ॅप काउंटरमागच्या कॉम्प्युटरवर उघडं असतं, कारण प्रिंट तिथून काढायची असते. आणि चॅटच्या बॅकअपचं म्हणाल, तर त्याला एंड-टू-एंड कुलूप लावायची सोयच मुळी २०२१ मध्ये आली, तीही आपण स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करायची. किती हॉटेलांनी केली असेल? बँकेची रोकड बंदूकवाल्या गाडीतून आणायची आणि टपरीच्या बाकड्यावर ओतायची, असा हा प्रकार.

यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'पोलिसांना लागतं साहेब.' मान्य. कोण उतरलंय याची नोंद पोलिसांना लागते, लागायलाच हवी. पण नोंद म्हणजे रजिस्टर. मूळ ओळखपत्र बघा, नाव-पत्ता लिहून घ्या, चेहरा जुळतोय का पाहा, परत द्या. रेल्वेत टीसी काय करतो? तिकिटावरच्या एकाचं मूळ ओळखपत्र बघतो आणि परत देतो. त्याने कधी अख्ख्या डब्याचे आधार स्वतःच्या फोनवर मागवलेत का? कोट्यवधी माणसांची रेल्वे हे करू शकते, आणि चार खोल्यांच्या माणसाला मात्र आठवडाभर आधी फोटो हवेत.

बरं, हे सरकारला माहीत नाही असंही नाही. २७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं होतं. आधारची झेरॉक्स कुठेही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड' आधार द्या, आणि परवाना नसलेल्या हॉटेलांना, चित्रपटगृहांना आधारच्या प्रती घेण्याची, ठेवण्याची परवानगी नाही, इतकं स्वच्छ लिहिलं होतं. वाचून मला आनंद झाला. तो दोन दिवस टिकला. २९ मे ला ते पत्रक मागे! लोक गैरअर्थ काढतील म्हणे. नागरिकांनी 'नेहमीची सावधगिरी' बाळगावी. म्हणजे पुन्हा चेंडू आपल्याच अंगणात. मास्क्ड आधार मात्र आजही फुकट डाउनलोड होतं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नव्या आधार अ‍ॅपमध्ये हवी तेवढीच माहिती दाखवायची सोयही आहे. सोय आहे, मागणारा मात्र 'फ्रंट बॅक'वरच अडलेला.

मी त्या खोलीवाल्याला लिहिलं, 'एका माणसाचं मास्क्ड आधार आत्ता पाठवतो, बाकीच्यांची मूळ ओळखपत्रं आल्यावर काउंटरवर बघा.' अर्धा तास शांतता. मग 'ओके सर.' म्हणजे त्याचं काही अडलेलं नव्हतं! कोणी तरी कधी तरी मागायला सुरुवात केली, कोणी नाही म्हटलं नाही, आणि त्याचा नियम झाला. आपल्याकडचे निम्मे नियम असेच जन्माला येतात, पण तो वेगळा विषय.

आता त्या वायफायच्या भीतीबद्दल. ही भीती खरी होती, पण ती २०१० सालची. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक एक्स्टेन्शन आलं. कॅफेत बसायचं, बटण दाबायचं, आणि आजूबाजूच्या लोकांची फेसबुक खाती समोर हजर. तेव्हा बऱ्याच साईट्स लॉगिननंतर एन्क्रिप्शन सोडून द्यायच्या. मग सगळे हादरले आणि हळूहळू एचटीटीपीएसवर गेले. २०१५ च्या शेवटी लेट्स एन्क्रिप्टने प्रमाणपत्रं फुकट द्यायला सुरुवात केल्यावर तर सबबच उरली नाही. आज बँकेचं अ‍ॅप हॉटेलच्या वायफायवर उघडलं तरी मधला माणूस काही वाचू शकत नाही. ब्राउझरने प्रमाणपत्राबद्दल लाल इशारा दिला तर मागे फिरा, एवढं पाळलंत तरी पुष्कळ झालं. पण आमच्या घरी गंमत अशी की मेव्हणा वायफाय नको म्हणून चार दिवस डेटा पॅक मारतो आणि त्याच डेटा पॅकवरून आधारचे फोटो पाठवतो!

खरी गळती कुठे होते याची दोन उदाहरणं देतो. मे २०२१ मध्ये एअर इंडियाने जाहीर केलं की सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती चोरीला गेली. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा तपशील, तिकिटाचा तपशील, असं बरंच काही. यात कोणाच्या आईने कोणत्या लिंकवर क्लिक केलं होतं? कोणीच नाही. प्रवासी बिचारे तिकीट काढून विमानात बसले होते, इतकाच त्यांचा गुन्हा.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी मार्च २०२० मध्ये बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. अ‍ॅलेक्स होप नावाच्या तरुणाने त्यावरचा बुकिंग क्रमांक आणि आडनाव विमान कंपनीच्या साईटवर टाकलं. झालं, आत प्रवेश! आणि त्या पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे पडद्यावर न दिसणाऱ्या भागात, पासपोर्ट क्रमांक आणि फोन नंबर दोन्ही पडलेले. हे वाचून सगळे अ‍ॅबटना हसले. मी नाही हसलो. ६२ वर्षांच्या माणसाने विमानात बसताना फोटो टाकला, हा काय अपराध आहे? सहा अक्षरं आणि आडनाव एवढ्यावर दार उघडणारी व्यवस्था कोणी बांधली? जे पानावर दाखवायचंच नाही ते ब्राउझरकडे कोणी पाठवलं? एखाद्या इंजिनियरने, बहुधा शुक्रवारी संध्याकाळी. अ‍ॅबट यांनी मात्र नंतर त्या पोराला स्वतः फोन केला आणि हे कॉम्प्युटरचं मुळापासून समजून घ्यायला एखादं पुस्तक आहे का, असं विचारलं. कच्ची कडी म्हणे!

आणि आता ओटीपी. 'ओटीपी कोणालाही सांगू नका' हे वाक्य आपण आई-बाबांना पाठ करून घेतलंय. पण ते खोटं आहे. गॅसचा सिलेंडर आला की दारातल्या माणसाला कोड सांगावा लागतो. रिक्षा-टॅक्सी अ‍ॅपवरून बोलावली की ड्रायव्हरला सांगावा लागतो. कुरियरवाल्याला सांगावा लागतो, नाहीतर पार्सल परत. आणि सगळ्यात जास्त वेळा स्वतःच्या मुलांना सांगावा लागतो! १ जुलै २०२५ पासून ऑनलाईन तत्काळ तिकीट आधारने पडताळलेल्या खात्यालाच मिळतं आणि १५ जुलैपासून त्यावर ओटीपीही आला. त्यामुळे सुट्टीच्या दिवसांत घरोघरी चाललेला देखावा असा: मुलगा बंगळुरूला, खातं बाबांचं, सकाळचे दहा वाजलेले, आणि फोनवर आरडाओरडा, 'बाबा, आकडे सांगा! लवकर! अहो चष्मा राहू द्या, वाचा लवकर!'

म्हणजे दिवसातून चार वेळा चार वेगवेगळ्या माणसांना, तेही घाईघाईत, कोड वाचून दाखवायची सवय आपण त्यांना लावली. मग पाचव्यांदा एखादा भामटा बँकेतून बोलतोय म्हणाला आणि त्याच घाईच्या आवाजात कोड मागितला, की बाबा तो सांगतात. आणि आपण म्हणतो, 'तुम्हाला कितीदा सांगितलं होतं!'

गॅसचा कोड आणि बँक खातं रिकामं करणारा कोड दिसायला सारखे कशासाठी? दोन्ही आकडेच, दोन्ही एसएमएसनेच, बहुतेक इंग्रजीत, आणि महत्त्वाचं वाक्य शेवटी. दाराशी सांगायच्या कोडला सरळ 'दारकोड' म्हणा, त्यात आकड्यांऐवजी साधे मराठी शब्द घाला. 'आंबा' किंवा 'छत्री' म्हणा म्हणावं सिलेंडरवाल्याला. बँकेचा कोड माणसाने वाचून दाखवण्याजोगा असूच नये. पासकी नावाची चीज त्यासाठीच आहे. हे करणं अवघड नाही. पण त्यासाठी मीटिंगमध्ये कोणीतरी 'माझ्या आईला हे कसं दिसेल?' असं विचारावं लागतं. त्यापेक्षा 'ज्येष्ठांनी काळजी घ्यावी' असा मेसेज फिरवणं स्वस्त.

हे सगळं बोललं की घरातूनच एक प्रश्न येतो, आणि तो मात्र मला खरोखर लागतो. 'एवढं काय लपवायचंय तुला?' आमच्या काकांचा हा आवडता प्रश्न. त्यांना मी एकदा विचारलं, 'काका, तुम्ही नोकरीला बाहेरगावी होतात तेव्हा काकूला पोस्टकार्ड लिहायचात की अंतर्देशीय?' ते म्हणाले, 'अंतर्देशीय, अर्थात.' 'का बरं? पोस्टकार्ड स्वस्त होतं की!' काकू आतून हसल्या, काका गप्प. खुशालीचं, पोचल्याचं, पापड मिळाल्याचं पोस्टकार्ड. बाकी सगळं डिंक लावून. तेव्हा कोणी म्हणालं नाही की अंतर्देशीय लिहिणाऱ्याच्या मनात काळंबेरं असतं. कोणतं पत्र उघडं आणि कोणतं बंद, हे लिहिणारा ठरवत होता. आज तो ठरवायचा हक्क मागितला की आपण संशयित. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारे. काउंटरवर पोचेपर्यंत माझी भाची कॉलेजात जाईल बहुतेक.

तोवर आमच्या घरापुरतं काही केलंय. सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपला दोन पायऱ्यांच्या पडताळणीचा पिन लावला, म्हणजे नुसता ओटीपी हाती लागून खातं पळवता येणार नाही. आधार मागितलं तर मास्क्ड, तेही एकाचंच. पैशांसाठी फोन आला, आवाज अगदी ओळखीचा असला तरी, ठेवायचा आणि आपल्याकडच्या नंबरवर उलटा फोन करायचा. कारण आवाजाची हुबेहूब नक्कल आता कोणीही करू शकतं. गडबड झालीच तर लाजत न बसता लगेच १९३० ला फोन. आणि एक घरगुती प्रश्न ठरवलाय, ज्याचं उत्तर फक्त आम्हालाच माहीत आहे. तो आत्याने सुचवला, कोणाचे तरी उकडीचे मोदक एका गणपतीत पातेल्यात विरघळले होते त्याबद्दल आहे, आणि तो इथे लिहिणार नाही. काकूंचा त्या प्रश्नाला अजूनही विरोध आहे.