गाण्याच्या बाई मिरजेला जातात

दिवाळी अंकात प्रवासवर्णन लिहायचे तर लेखकाने निदान काश्मीर तरी गाठलेले असावे, असा वाचकांचा साधारण समज असतो. आमची मजल यंदा मिरजेपर्यंतच गेली. पुण्याहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, तेही मोटारीने, आणि त्यातही ऐसपैस जागा मिळाली ती तंबोऱ्याला! तरीपण त्या दोन दिवसांत जे पाहिले-ऐकले ते काश्मीरहून आलेल्या आमच्या शेजाऱ्यांच्या शालींपेक्षा अधिक टिकेल असे वाटते, म्हणून या पानावर मांडतो.

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे 'गाण्याच्या बाई' म्हणतात. एका माध्यमिक शाळेत त्या एकतीस वर्षे संगीत शिकवीत आहेत. आमची सौभाग्यवती त्यांची जुनी विद्यार्थिनी. त्या नात्याने मी त्यांचा 'जावईबापू' झालो आहे. येत्या मे महिन्यात बाई निवृत्त होतील. त्यांच्यामागे ती जागा भरायची नाही, असे शाळेने ठरविले आहे. प्रार्थना ध्वनिक्षेपकावर लावता येते, स्नेहसंमेलनापुरता बाहेरचा माणूस बोलावता येतो, मग पगारी शिक्षक हवा कशाला, असा हिशेब. तसे पत्र बाईंच्या हाती पडले, आणि त्याच आठवड्यात मिरजेला भरणाऱ्या संगीतशिक्षकांच्या एका संमेलनाचे निमंत्रण आले. बाईंनी रात्री जागून निबंध लिहिला: 'साठ मुलांचा वर्ग आणि गाणे'. शुद्धलेखन तपासायला तो माझ्याकडे आला, आणि निबंधापाठोपाठ मीही गाडीत जाऊन बसलो. गाडी बाईंच्या भाच्याची. पुढे बसून त्याला झोप येऊ द्यायची नाही, एवढे काम माझ्याकडे.

तंबोरा कशाला, असे भाच्याने निघताना विचारलेच. हल्ली मोबाइलमध्ये तंबोरा वाजतो, खिशात मावतो.

"मिरजेला जायचे आणि जवारी काढून आणायची नाही? पंढरपूरला जाऊन कोणी नुसते चहा पिऊन येते का रे?" बाई म्हणाल्या. झाले! भोपळा मागच्या सीटवर उशीवर टेकला, गवसणीतली दांडी आम्हां दोघांच्या मधून थेट पुढे आली, आणि खंबाटकीच्या घाटात प्रत्येक वळणाला ती माझ्या कानाशी लागून काहीतरी सांगू पाहत होती.

साताऱ्याला कंदी पेढे घेतले. श्रावणातली सर नुकतीच पडून गेली होती, डोंगर पोपटी झाले होते. पण त्याचे वर्णन मी करीत नाही, ते इतरांनी पुष्कळ करून ठेवले आहे. माझ्या डोक्यात दुसरेच चालले होते. आम्ही ज्या दिशेने चाललो होतो तिच्या नेमक्या उलट दिशेने १८९६ साली एक चोवीस वर्षांचा तरुण मिरज सोडून निघाला होता. विष्णु दिगंबर पलुसकर. जन्म कुरुंदवाडचा. लहानपणी शोभेच्या दारूने डोळे अधू झाले म्हणून गाण्याकडे वळलेले, आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे वर्षानुवर्षे शिकलेले. सातारा, बडोदे, पुढे सौराष्ट्र, ग्वाल्हेर, दिल्ली असे करीत हा गृहस्थ लाहोरला पोहोचला आणि ५ मे १९०१ रोजी तेथे त्याने गांधर्व महाविद्यालय उघडले. गुरूच्या घरी पाणी भरावे, बाजार करावा, आणि बुवांची लहर लागली म्हणजे एखादी चीज पदरात पडावी, अशी जी विद्या होती, तिला त्यांनी वेळापत्रक दिले, अभ्यासक्रम दिला, स्वरलिपी दिली, परीक्षा दिली. गाण्याचा 'तास' ही कल्पनाच मुळी अशी रस्त्यावरून चालत आली आहे.

मी हे बाईंना सांगू लागलो, तर त्या म्हणाल्या, "जावईबापू, हे सगळे माझ्या निबंधाच्या पहिल्या दोन पानांत आहे. तुम्हीच तपासलेत ना?"

पेठ नाक्याला महामार्ग सोडून आम्ही डावीकडे वळलो. इस्लामपूर, आष्टा, दुतर्फा ऊस. सांगली जवळ येऊ लागली तसा बाईंनी आणखी एक विषय काढला. संगीताची पहिली अखिल भारतीय परिषद १९१६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्यास भरली. तिच्यामागचे कर्ते पुरुष पंडित भातखंडे. हे मुंबईचे वकील. मैफिलीचे गवई नव्हेत. पण ग्रंथ आणि चिजा गोळा करण्यासाठी त्यांनी मद्रास-तंजावरपासून उत्तर हिंदुस्थानापर्यंत सारा देश पालथा घातला आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग उभे केले. त्या परिषदेत सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांची मते आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाची श्रुतिपेटी पुढे आली. देवलांचे प्रयोग ज्यांच्या गळ्याच्या आधाराने झाले ते अब्दुल करीम खाँ. त्यांचा चिरविश्राम मिरजेच्या दर्ग्यात आहे. बावीस श्रुतींवरून बडोद्यात चांगलीच जुंपली.

"त्यांचे भांडण बावीस श्रुतींचे," बाई म्हणाल्या. "माझ्या आठवी 'क'चा एक सा लागला की मी गणपतीला नारळ ठेवते."

मिरजेत आधी तंतुवाद्यांची गल्ली गाठली. एके काळी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा उद्योग सुरू केला, आणि आज पिढ्यान्‌पिढ्या 'सतारमेकर' हेच आडनाव होऊन बसले आहे. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान तिथल्या बोलण्यात डोकावतो. कारागिराने बाईंचा तंबोरा मांडीवर घेतला, एकदा छेडला आणि मान हलविली. घोडीचा पृष्ठभाग कानसने जरा घासावा, तार छेडून ऐकावे, पुन्हा घासावे, तारेखाली दोरा सरकवावा, पुन्हा ऐकावे. तासभर हे चालले होते. डोळ्यांना काही दिसत नव्हते, पण मघाची ठणठणीत तार हळूहळू मधमाश्यांसारखी गुणगुणू लागली. भाचा, जो खिशातल्या तंबोऱ्याचा पुरस्कर्ता, तो मोबाइल बाहेर न काढता तासभर उकिडवा बसून होता. एवढे मी पाहिले. बाकी त्याच्या मनातले मला ठाऊक नाही.

संमेलनाचे उद्‌घाटन दहाला होते ते साडेअकराला झाले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाच पाहुणे, पाच शाली, पाच श्रीफळे. ही आपली राष्ट्रीय तालबद्धता आहे, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र त्याची भरपाई निबंधवाचकांच्या वेळातून होते. बाईंची पंधरा मिनिटांची सात झाली. त्यांनी विष्णु दिगंबरांची दोन पाने शांतपणे उलटली आणि थेट कणसूर मुलांवर आल्या.

वर्गात पाच-सहा मुले कणसूर असतात. बहुतेक ठिकाणी त्यांना मागे बसवितात आणि 'तू नुसते ओठ हलव' असे सांगतात. बाई त्यांना पहिल्या रांगेत, तंबोऱ्याच्या भोपळ्याजवळ बसवितात. पहिली पाच मिनिटे गायचे नाही, डोळे मिटून तंबोरा ऐकायचा. मग सूर तोंडाने गुणगुणायचा, आ-कार नाही. महिना-दोन महिन्यांनी त्यातली बरीचशी मुले सुरावर येतात. एखादे येत नाही, तरी त्याला मागे पाठवायचे नाही. आठवीनववीतल्या मुलांचा आवाज फुटतो तेव्हा ती लाजून गाणे सोडतात. त्यांना वरचे काही द्यायचे नाही; खालचा सा धरून ठेवण्याचे काम द्यायचे. म्हणजे त्यांच्यावाचून वर्गाचे अडते, आणि आपल्यावाचून अडते हे कळले की मुलगा शाळा चुकवीत नाही! शेवटी शाळेच्या पेटीची हकीकत: काळी चार तीन वर्षे अडकलेली, अर्ज तीनदा केलेला, सबब सारी शाळा काळी पाचमध्ये प्रार्थना म्हणते. सभागृहात हशा पिकला. त्यातला बराच स्वानुभवाचा असावा.

घंटा वाजलीच. तरी एका वयोवृद्ध बुवांनी उठून प्रश्न केला, "बाई, असे साठ जणांना घाऊक गाणे येते का हो? गाणे गुरूच्या पायाशी बसून यायचे."

"नाही येत, बुवा," बाई म्हणाल्या. "मी गायक करायला बसलेच नाही. पण तुमच्या मैफिलीला तिकीट काढून जे येतात ना, त्यांना सा कुणीतरी कुठेतरी ऐकवलेला असतो. दरेकाच्या घरी गुरू नव्हता. पुष्कळांच्या शाळेत गाण्याचा तास होता."

बुवा बसले. पटले म्हणून की गुडघे दुखले म्हणून, ते समजले नाही.

माझ्या मते त्या दिवसातले महत्त्वाचे वाक्य ते होते, पण ठरावात ते आले नाही. ठराव आला तो असा की, शाळांतील संगीतशिक्षकांची पदे भरावीत अशी शासनास विनंती करण्यात येत आहे. एकमताने मंजूर. लगेच चहा. तिथल्या चर्चेत प्रवेशिका आणि मध्यमा परीक्षांचाच बोलबाला अधिक. दहावीला कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, तेव्हापासून पालक वर्गात येतात ते 'कुठली परीक्षा दिली की किती गुण' हा प्रश्न घेऊन. एक शिक्षिका म्हणाल्या, विद्यार्थी वाढले, ही काय वाईट गोष्ट आहे? वाईट नाहीच. फक्त दहावी झाली की त्यांतले किती पुन्हा तंबोऱ्याजवळ येतात, ते कुणी मोजत नाही.

रात्री जेवणाच्या रांगेत एक पंचविशीतला तरुण बाईंना शोधीत आला. दुष्काळी भागातल्या एका गावच्या शाळेत तो मानधनावर संगीत आणि त्याखेरीज चित्रकला, खेळ असे तिन्ही शिकवितो. "बाई, तुमच्याकडे हे सगळे लिहिलेले आहे का?" त्याने विचारले. बाईंनी पिशवीतून आपली वही काढली. गेल्या एकतीस वर्षांच्या तासांची टाचणे; मराठीचा प्राध्यापक म्हणून मला ती आधी तपासायला का दिली नाही याचे कारण अक्षर पाहताच कळले. वही द्यायला त्या तयार होत्या. घ्यायला तो तयार नव्हता. शेवटी एका रिकाम्या टेबलावर वही उघडून त्याने मोबाइलवर पानामागून पान उतरवायला सुरुवात केली. भाच्याने दिवा धरला. बासुंदी संपली, पंगत उठली, वाढपी टेबले आवरू लागले, तरी यांचे चालूच.

मध्येच तो थांबला. "बाई, हे जुलै महिन्यात प्रत्येक तासापुढे 'ख' लिहिले आहे, ते कोणते स्वरचिन्ह?"

"चिन्ह कसले? खोकला!" बाई म्हणाल्या. "पावसात निम्मा वर्ग खोकत असतो. त्या महिन्यात वरचा सा घ्यायचा नाही. घे, पुढचे पान घे, नीट धर, हलते आहे."