एका ट्रकचे इंजिन आणि दहाचा आकडा

आजरा तालुक्यात ऊसतोड सुरू झाली की जुन्या ट्रकांना उसंत राहत नाही. कारखान्यांकडे जाणारा ऊस, पावसाळ्यानंतर बाजारात येणारे घनसाळ भात, काजू, कोकणातून आंबोलीचा घाट चढून येणारे जांभ्याचे चिरे, अशा वाहतुकीत एकाच गाडीचा धनी ठिकठिकाणी भेटतो. बहुधा तोच चालक असतो आणि तोच हमालांचा मुकादमही. अशा माणसाच्या गाडीचे इंजिन ऐन हंगामात निकामी झाले, तर त्याच्यापुढे जे संकट उभे राहते ते केवळ यंत्राचे नसते.

पिस्टन झिजले, रिंगा गेल्या, क्रँकवर चरे पडले, तर त्याला उपाय आहे. लायनर बदलता येतात, क्रँक ग्राइंड करून घेता येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारागिरांचा ह्या कामात हातखंडा आहे. परंतु कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच फुटला, तर तेथे कारागिरी थांबते. नव्या इंजिनाची किंमत जुन्या गाडीच्या किमतीशी जुळत नाही आणि पुष्कळदा ते मॉडेल कारखान्यातून निघणेही बंद झालेले असते. मग उरतो तो भंगारबाजार. अपघातात चेंदामेंदा झालेल्या किंवा मोडीत निघालेल्या त्याच जातीच्या गाडीचे इंजिन शोधावयाचे.

हा शोध सोपा नाही. ऑइलचे झाकण उघडून आत दुधट फेस दिसतो का, म्हणजे तेलात पाणी मिसळले आहे का, हे मेस्त्री प्रथम पाहतो. फ्लायव्हील हाताने फिरवून पाहतो, ब्लॉकवर वेल्डिंगचा सांधा दडला आहे का ते तपासतो, चालू करून दाखविल्यास ब्रीदरमधून किती धूर येतो ह्यावर लक्ष ठेवतो. ह्या बाबतीत आपल्या मेस्त्रींची नजर सहसा फसत नाही. फसगत होते ती दुसऱ्याच ठिकाणी. ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक कानस लावून पुसलेला आहे काय, आणि नसला तरी तो क्रमांक ज्या गाडीचा होता ती गाडी रीतसर मोडीत निघाली की रातोरात पळविली गेली, हे हाताला लागलेल्या काळ्या तेलावरून कळत नाही. उत्तर प्रदेशात मेरठ येथील सोतीगंज हा जुन्या सुट्या भागांचा प्रसिद्ध बाजार चोरीच्या गाड्या तेथे तोडल्या जातात म्हणून पोलिसांच्या कारवाईने डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहेच. पण अजाणता घेणाऱ्याचे पैसेही बुडतात आणि इंजिनही जप्त होते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकावर असतो, विम्याच्या कागदावर असतो. तो बदलला की कागद आणि गाडी ह्यांची फारकत होते. म्हणून मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ५२ वे कलम वाहनातील बदलांवर निर्बंध घालते, आणि इंजिन बदलण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते. गाडी कर्जाऊ असेल तर वित्तपुरवठादाराची लेखी संमतीही हवी. हे सर्व रास्त आहे. परंतु ह्याच कलमात पुढे एक सवलत आहे, आणि ती वाचून सामान्य माणूस थबकल्यावाचून राहणार नाही. ज्याच्या मालकीची किमान दहा वाहतूक वाहने आहेत, त्याला त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन पूर्वमान्यतेवाचून बसविण्याची मुभा राज्य सरकार अधिसूचनेद्वारे देऊ शकते. त्याने बदल केल्यानंतर चौदा दिवसांत कळवावयाचे, एवढेच.

दहा गाड्यांच्या मालकाची एक गाडी थांबली तर उरलेल्या नऊ धावत असतात. ज्याची एकच गाडी आहे, त्याची ती थांबली की घरातील मिळकतच थांबते. घाई कोणाला अधिक आहे? तरीही कायद्याचा विश्वास दहावर आहे, एकावर नाही. मोठ्या मालकाचा हिशेब चोख असतो, त्याचा पत्ता ठाऊक असतो, तो पळून जात नाही, असा विचार ह्या तरतुदीमागे असावा. कागदी नोंदवह्यांच्या काळात त्यात काही तथ्यही असेल. पण आता देशभरातील वाहनांच्या नोंदी ‘वाहन’ ह्या संगणकीय प्रणालीत आहेत. इंजिनाचा क्रमांक पडताळण्यासाठी मालकाच्या गाड्या मोजण्याची गरज काय?

कोणी म्हणेल, जुन्या गाड्या जगवायच्याच कशाला? त्या धूर ओकतात. त्या मोडीत काढाव्यात हेच देशाचे धोरण आहे. आक्षेप पोकळ नाही. दिल्लीत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी केली, ती तेथील हवा पाहूनच. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील अवजड मालवाहू गाडीच्या योग्यता प्रमाणपत्राचे शुल्क साडेबारा हजारांवर नेण्यात आले, त्याचाही रोख तोच होता. तथापि दिल्लीचा नियम आजऱ्याच्या रस्त्याला जसाच्या तसा लावणे हा आळस आहे. गाडी धूर किती सोडते हे यंत्राने मोजता येते. जन्मसालावरून ताडण्याचे कारण नाही. शिवाय, जो मालक फुटके इंजिन काढून बरे इंजिन बसवू पाहतो, त्याला अडविल्याने तो नवा ट्रक घेईल असे नाही. तो कसेबसे ठिगळ लावील आणि अधिक धूर सोडीत घाट चढेल.

खरी उणीव आहे ती बाजारातील मालाला कागद नसण्याची. २०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रांची सोय केली. गाडी चोरीची आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीशी ताडून पाहण्याची जबाबदारी त्या केंद्रांवर आहे, आणि गाडी मोडल्याचे प्रमाणपत्र देण्याचीही. एवढी पडताळणी होतेच आहे, तर त्याच गाडीतून निघालेल्या धडधाकट इंजिनासोबत मूळ गाडीचा क्रमांक, मोडणीची तारीख आणि केंद्राचा शिक्का असलेला दाखला खरेदीदाराच्या हाती का पडू नये? असा दाखला आणि त्याच बनावटीचे इंजिन असेल, तर एका गाडीच्या मालकालाही चौदा दिवसांची सवलत मिळावी. त्यासाठी ५२ व्या कलमातील ‘दहा’ हा आकडा संसदेला बदलावा लागेल. तोवर राज्याच्या परिवहन खात्याला इतके तरी करता येईल, की अशा अर्जांचा निकाल ठराविक दिवसांत लागेल आणि गाडीच्या तपासणीसाठी कोल्हापूरपर्यंतचे हेलपाटे टळतील. बंद पडलेला ट्रक ओढून नेण्याचा खर्चही मालकाच्याच खिशातून जातो, हे टेबलामागे बसून सहसा ध्यानात येत नाही.

कोल्हापूरच्या ओतशाळांतून वाहनांच्या इंजिनांचे सुटे भाग ओतले जातात. त्यांच्या भट्ट्यांना कच्चा माल म्हणून भंगार लोखंडही लागते. दाखला नसलेले चांगले इंजिन प्रामाणिक व्यापारी विकायला धजत नाही. तो ते फोडून वजनावर घालतो, आणि ते भट्टीत जाते. अप्रामाणिक व्यापाऱ्याला मात्र कानस पुरते.