दुरून पाहण्याचे तळे

पाऊस ओसरला, दसरा झाला, की मुलांना सहलीचे वेध लागतात. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील मुलांनी या दिवसांत एकदा तरी सर्वांनी मिळून पायी डोंगरात जावे आणि विहार व तुळशी हे तलाव पाहून यावे, असे माझे मत आहे. मात्र ते पाहावे दुरून.

"पाण्यात पाय सोडायचे नाहीत, तर इतके चालायचे कशाला?" असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे.

मुंबईची वस्ती वाढली आणि बेटावरच्या विहिरी व तळी पुरेनाशी झाली, तेव्हा १८५६ साली विहारच्या बांधणीस आरंभ झाला. १८६० साली ती पुरी झाली. १८७९ साली तुळशीची भर पडली. आज मुंबईचे बहुतेक पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा दूरच्या जलाशयांतून येते. तरीही हे दोन तलाव लोकांची तहान भागवीत आहेत. पिण्याच्या पाण्यात हजारो पाय बुडू लागले, तर ते निर्मळ कसे राहील? म्हणूनच काठावर जाण्यास परवानगी लागते. ही अडवणूक नव्हे, राखण आहे.

तेव्हा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीची वाट धरावी. जाणता वाटाड्या बरोबर असावा. तेथील भिक्षूंनी शेकडो वर्षांपूर्वी खडकात पन्हळी खोदून पावसाचे पाणी टाक्यांत उतरविले. अशी टाकी खोदविणाऱ्या दात्यांच्या नोंदी शिलालेखांत आढळतात. पाणी साठविणे हे त्या काळीही पुण्यकर्म मानीत.

वर माथ्याकडे गेल्यावर झाडीत निळे पाणी चमकताना दिसते. भोवतालचे रान नीट न्याहाळा. झाडांची मुळे माती धरून ठेवतात, पालापाचोळा पावसाचा वेग मोडतो, पाणी जमिनीत मुरते आणि पाऊस थांबल्यावरही झरे वाहत राहतात. हे रान तुटले, तर माती वाहून येऊन तलाव गाळाने भरेल. राखण तलावाची करायची, तर ती रानापासूनच केली पाहिजे.

सर्वांनी मिळून जावे, हेही मी हेतुपूर्वकच सांगतो. जो सर्वांत हळू चालतो, त्याच्या पावलाने सगळ्यांनी चालावे. "माझ्या एका कागदाने काय बिघडते?" असे चाळिसांतील प्रत्येकाने म्हटले, तर रानात चाळीस कागद पडतात, प्रत्येकाने आपला कागद खिशात ठेवला, तर रान होते तसेच राहते.

आवडलेली प्रत्येक वस्तू हाती घेतलीच पाहिजे, असे नाही. काही वस्तू दुरून पाहाव्या आणि पुढच्यांसाठी तशाच ठेवाव्या. नळाखाली ओंजळ धरताना ज्याला ते झाडीतले पाणी आठवेल, त्याची सहल सार्थकी लागली असे समजावे.