जाळणारे आणि गाळणारे

पुस्तकबंदी म्हटलं की आपल्या पांढरपेशा साहित्यिकांची यादी तोंडपाठ असते. इंग्रजांनी 1909 साली सावरकरांचं सत्तावन्नच्या उठावावरचं पुस्तक बाहेर पडायच्या आधीच बंद केलं. 1910 साली खाडिलकरांचं 'कीचकवध' बंद पाडलं. त्याच वर्षी गांधींचं 'हिंद स्वराज' जप्त झालं. मग एकदम 1975 ची आणीबाणी. यादी संपली. टाळ्या, चहा, बिस्किटं.

यादी खरी आहे. पण तिच्यात माझी आजी नाही. आजी अंगठा उठवायची. तिच्यावर कुठल्या गॅझेटातून बंदी आली नव्हती. ज्याला अक्षरालाच शिवू द्यायचं नाही, त्याचं पुस्तक जप्त करायला फौजदार कशाला लागतो?

दोस्तांनो, 1927 हे साल डोक्यात कोरून ठेवा. त्या साली इंग्रजांनी दंडविधानात कलम 295-अ घातलं. मुद्दाम धर्मभावना दुखावल्या तर तुरुंग. त्याच साली 25 डिसेंबरला महाडला मनुस्मृती जळाली. इंग्रज गेला, कलम राहिलं. 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेत 299 नंबरने नांदतंय. प्रश्न एवढाच, की भावना कुणाच्या? आम्हाला जनावरापेक्षा खाली ढकलणाऱ्या पोथ्या फुटपाथवर खुशाल विकल्या जातात. त्यांना कुठलं कलम लागत नाही.

आमची पुस्तकं मात्र जन्माला यायच्या आधीच अडवली जातात. 1936 साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण आधी वाचलं आणि मंडळाची गाळण उडाली. हे गाळा, ते गाळा सुरू झालं. बाबासाहेब स्वल्पविरामसुद्धा हलवायला तयार झाले नाहीत. अधिवेशनच रद्द झालं. मग त्यांनी पदरच्या पैशाने 1500 प्रती छापल्या. तेच 'जातिभेद निर्मूलन'. तिथे ना पोलीस होता ना कोर्ट. सुधारक होते! सेन्सॉर नेहमी खाकी वर्दीत येतो असं समजू नका. खादीतही येतो.

डिसेंबर 1969. पेरियारांचं रामायणावरचं पुस्तक ललईसिंग यादवांनी हिंदीत 'सच्ची रामायण' म्हणून काढलं. उत्तर प्रदेश सरकारने ते जप्त केलं, कारण तेच 295-अ. गडी हटला नाही. 1971 ला अलाहाबाद हायकोर्टात जिंकला. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथेही 1976 च्या सप्टेंबरात, ऐन आणीबाणीत, हरलं. जप्तीच्या हुकमात सरकारने कारणंच लिहिली नव्हती. भावना दुखावल्या एवढं म्हणून भागत नाही, का आणि कशाने ते लिहावं लागतं, असं कोर्टाने बजावलं. हे ध्यानात ठेवा, उपयोगी पडेल.

आणि आपल्या महाराष्ट्रात? बाबासाहेब जाऊन तीस वर्षं झाल्यावर, 1987 साली, सरकारने त्यांचं 'रिडल्स' छापलं. राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून बोंब उठली. जानेवारी 1988 मध्ये अमरावतीला ग्रंथ जाळला. परिशिष्ट काढून टाका, ही मागणी. सरकार डगमगलं. मग 5 फेब्रुवारीला आपला माणूस मुंबईच्या रस्त्यावर उतरला, लाखांनी. परिशिष्ट वाचलं. पण खाली तळटीप चिकटली, की या मतांशी सरकार सहमत नाही. आणि मोर्चा गेल्यावर हुतात्मा चौक 'शुद्ध' करण्यात आला! एकसष्ट वर्षांपूर्वी आपण पाणी प्यालो म्हणून चवदार तळं असंच शुद्ध केलं होतं. ग्रंथ आणि पाणी, दोन्हींना आमचा विटाळ.

आता कुणीतरी शहाणा म्हणेल, तुम्हीही मनुस्मृती जाळलीच की. जाळली. पण आधी वाचली. चारचौघांत, आपलं नाव सांगून जाळली. आणि सरकारकडे तिच्या बंदीचा अर्ज नेला नाही. ती आजही कुठेही मिळते. अमरावतीवाल्यांना निषेध करून थांबायचं नव्हतं. त्यांना ते पान कुणालाच वाचता येऊ नये असं हवं होतं. जाळणं हे बोलणं असू शकतं, गाळणं हे दुसऱ्याचं तोंड दाबणंच असतं.

आता कडू बोलतो. 2012 साली अकरावीच्या पुस्तकातल्या बाबासाहेबांच्या व्यंगचित्रावरून आपण पेटलो. 1949 चं चित्र. मलाही ते खुपलं, आजही खुपतं. पण संसदेत सगळ्या पक्षांनी एका सुरात ते काढून टाका म्हटलं आणि आपण खूश झालो. पुण्यात एका प्राध्यापकाचं ऑफिस फोडलं ते आपल्याच पोरांनी. त्या दिवशी आपण जाळणाऱ्यांच्या रांगेतून गाळणाऱ्यांच्या रांगेत गेलो. ज्या संसदेला आपल्या वस्तीतला संडास दिसत नाही, तिला त्या दिवशी अचानक बाबासाहेबांचा पुळका आला, तेव्हाच आपल्याला वास यायला हवा होता. बंदीचं हत्यार आपण त्यांना पाजळून दिलं, तर पहिला वार आपल्याच पुस्तकावर पडणार. 1988 विसरलात?

चित्र खुपलं तर त्याच्यावर लिहा. दहा पानं लिहा, सायक्लोस्टाइल करा, झेरॉक्स मारा, वस्तीत वाटा. 'रिडल्स'चं ते परिशिष्ट किती जणांनी वाचलंय? मोर्च्यात गेलेल्या बापाच्या पोरांनो, हात वर करा.

वाचा आधी. मग भांडू.

जय भीम.